हाताने केलेल्या मॉडेलांचा विमा कसा उतरवावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या लोकमान्य नगरात वरच्या मजल्यावर फ्लॅट. एका खोलीत १:८७ मापाची मीटरगेज रेल्वेची मांडणी, पातालपाणी ते कालाकुंडच्या घाटावर बेतलेली. काचेच्या कपाटात इंदूरच्या राजवाड्याची लाकडी प्रतिकृती आणि पूर्ण दोरकामासह शिडाचं जहाज. माळ्यावर बाल्साची दोन रिमोटची विमानं. गणेशोत्सवात ही मॉडेलं प्रदर्शनाला जातात, पुढे पुण्यालाही न्यायची आहेत. यांचा विमा निघतो का, कितीचा काढावा आणि मोडतोड झाली तर खरंच पैसे मिळतात का?

विमा निघतो. पण एका पॉलिसीत सगळं बसत नाही. आणि मॉडेलं ज्या कारणाने सर्वांत जास्त मोडतात, म्हणजे हातातून पडून, ते कारण साध्या घरविम्यात नसतं.

घरविमा हा नुकसानभरपाईचा करार आहे. गेलेली वस्तू तशीच पुन्हा आणायला आज जो खर्च येईल तो मिळतो. टीव्हीच्या बाबतीत हे सोपं, दुकानात विचारलं की भाव कळतो. हाताने केलेला राजवाडा कुठल्याच दुकानात नाही. बिल नाही, मॉडेल नंबर नाही, भाव नाही. सगळी गुंतागुंत इथूनच सुरू होते आणि ती नुकसान होण्याआधी सोडवावी लागते. नंतर सोडवायला गेलं की सर्व्हेअर, म्हणजे नुकसान मोजायला येणारा माणूस, लाकडाचा आणि फेव्हिकॉलचा खर्च धरून मोकळा होतो, आणि त्याच्या जागी तो बरोबरही असतो.

आपल्याकडे घरविम्याचं प्रमाणित रूप म्हणजे ‘भारत गृह रक्षा’. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने ती घरविमा करणाऱ्या प्रत्येक साधारण विमा कंपनीला विकणं सक्तीचं केलं. त्यामुळे कंपनी कोणतीही असो, मूळ मजकूर सारखाच. इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सर्वसाधारण सामानाला आपोआप संरक्षण मिळतं: इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, तेही सामानाची यादी न देता. भाड्याच्या घरात असाल तर फक्त सामानाचा विमाही घेता येतो.

बहुतेक जण इथेच थांबतात. एजंट सांगतो, “सगळं सामान आलं त्यात, साहेब.” फ्रिज, पलंग, कपाटाबद्दल ते खरंच आहे. मॉडेल मात्र घरगुती वापराचं सामान की कलावस्तू, हे पॉलिसीत नाव घेऊन कुठे लिहिलेलं नाही. तुम्ही लिहून घेतलं नाही तर ते क्लेमच्या वेळी ठरतं, आणि ठरवणारा माणूस तुमचा नसतो.

याच पॉलिसीत मौल्यवान वस्तूंसाठी एक ऐच्छिक भाग आहे. दागिने, चांदी, चित्रं, कलावस्तू, दुर्मीळ चिजा त्यात येतात. त्याचा मोठा फायदा म्हणजे तो ‘मान्य किमती’वर चालतो. कंपनीने आणि तुम्ही आधी ठरवलेली रक्कम वस्तू पूर्ण नष्ट झाली तर मिळते, घसारा न लावता. एरवी मूल्यांककाचा दाखला लागतो. पण या भागाची एकूण रक्कम ५ लाखांपर्यंत असेल आणि कोणत्याही एका वस्तूची किंमत १ लाखाच्या वर नसेल तर दाखल्याची अट नाही. हौशी माणसाच्या बहुतेक मॉडेलांसाठी ही मर्यादा पुरते.

म्हणून कंपनीला ईमेल करा, फोन नको. वस्तूचं वर्णन, माप, फोटो आणि मागितलेली किंमत द्या. विचारा, ही वस्तू मौल्यवान वस्तूंच्या भागात मान्य किमतीवर घ्याल का. होकार आला की पॉलिसीच्या अनुसूचीत (सोबतच्या तक्त्यात) किंवा एन्डॉर्समेंटमध्ये (नंतर जोडलेल्या बदलाच्या कागदात) वस्तूचं नाव छापून आलं पाहिजे. “राजवाडा, इंदूर, सागवानी व बासवुड, १:१०० माप, काचेच्या पेटीसह” असं. नुसतं “हस्तकला वस्तू, १ नग” लिहिलेलं असेल तर परत पाठवा. नकार आला तरी काही बिघडत नाही, दुसऱ्या कंपनीला विचारा. मजकूर प्रमाणित असला तरी कोणती वस्तू कुठल्या रकान्यात घ्यायची हे प्रत्येक कंपनीचा अंडररायटर, म्हणजे विमा कशाचा आणि कोणत्या अटींवर घ्यायचा हे बघणारा अधिकारी, ठरवतो.

आता किंमत. मॉडेलच्या किमतीचे दोन वेगळे ढीग करा: विकत आणलेलं आणि हाताने केलेलं.

रेल्वेच्या मांडणीत बराचसा भाग विकतचा असतो. मीटरगेज १:८७ मापात साडेअकरा मिमीच्या आसपास येतं, त्यासाठी १२ मिमीचे रूळ वापरतात, आणि ते पेको किंवा बेमोसारख्या परदेशी कंपन्यांकडून मागवावे लागतात. म्हणजे किंमत धरताना वस्तूची किंमत, पाठवणीचा खर्च आणि सीमाशुल्क हे तिन्ही धरा, आणि पाच वर्षांपूर्वीचा नव्हे, आजचा भाव धरा. दरवर्षी नूतनीकरणाच्या आधी त्याच वस्तूंचे आजचे भाव छापून फाइलला लावले की काम झालं.

आकडे कसे मांडावेत याचा एक काल्पनिक नमुना. समजा परदेशी चासीवर (चाकं-मोटरसह तयार सांगाड्यावर) बांधलेली ३ वायडीएम-४, म्हणजे मीटरगेजची डिझेल इंजिनं प्रत्येकी १४,००० म्हणजे ४२,०००. ११ डबे प्रत्येकी २,५०० म्हणजे २७,५००. रूळ आणि पॉइंट (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे सांधे) १६,०००. कंट्रोलर आणि वायरिंग १२,०००. लाकडी चौकट, प्लास्टर, झाडं, रंग ९,५००. बेरीज १,०७,०००. हा झाला साहित्याचा आकडा आणि याच्या प्रत्येक ओळीमागे कागद दाखवता येतो. घाट, बोगदे, पूल करायला गेलेले तास यात नाहीत.

तासांचं काय करायचं? “४०० तास गुणिले अमुक रुपये” असा हिशोब कंपनी मानत नाही. स्वतःच्या हौसेला स्वतःच लावलेला दर हा पुरावा ठरत नाही. त्याऐवजी दुसऱ्याकडून लेखी कोटेशन घ्या. इंदुरात बिल्डर आणि आर्किटेक्ट लोकांसाठी मॉडेलं करून देणारे व्यावसायिक आहेत. फोटो आणि मापं दाखवून त्यांच्याकडून लेटरहेडवर लिहून घ्या: असं मॉडेल, या मापात, या साहित्यात करून द्यायला किती रुपये आणि किती आठवडे. मजुरी आणि साहित्य वेगळं दाखवायला सांगा. हा कागद मॉडेलच्या पुनर्निर्मितीचा खर्च दाखवतो, आणि मान्य किंमत ठरवताना अंडररायटरला फाइलमध्ये ठेवायला नेमकं असंच काही हवं असतं. किंमत लाखाच्या वर जात असेल तर मान्यताप्राप्त मूल्यांककाचा दाखला घ्या. कलावस्तूंचं मूल्यांकन करणारा शोधा, जमीन-इमारतीचा उपयोगी नाही.

एक मोह टाळा. १ लाख ६० हजारांची मांडणी “डावा घाट” आणि “उजवा घाट” अशी दोन वस्तू करून ऐंशी-ऐंशी हजारांत बसवायची. मांडणी खरोखरच वेगळ्या होणाऱ्या मॉड्यूलमध्ये असेल, प्रत्येकाला स्वतःची चौकट आणि स्वतःचे कनेक्टर असतील, तर ते योग्य आहे. एकाच फळीवर पेन्सिलची रेघ ओढून केलेले भाग सर्व्हेअरच्या पहिल्याच भेटीत उघडे पडतात, आणि मग बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास जातो.

पुराव्याची फाइल मॉडेल बांधतानाच तयार होते, पूर्ण झाल्यावर नाही. दर टप्प्याला फोटो, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून. आतली चौकट, वायरिंग, पितळी भाग हे नंतर झाकले जातात, त्यांचे फोटो असलेच पाहिजेत. पूर्ण मॉडेलचे चारही बाजूंचे आणि वरून काढलेले फोटो. बिलं फोटो काढून साठवा, कारण थर्मल कागदावरची छपाई वर्ष-दोन वर्षांत पुसट होते. सियागंजमधून रोखीने आणलेल्या सटरफटर मालाचंही कच्चं का होईना बिल मागा. ही फाइल घरातल्या संगणकासोबतच जळू नये म्हणून एक प्रत क्लाउडवर आणि एक दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा मामांकडे, ठेवा.

पॉलिसी नेमकं काय झाकते तेही पाहू. आग, वीज कोसळणं, स्फोट, भूकंप, वादळ, पूर, दंगल, बाहेरच्या वस्तूची धडक, दहशतवादी कृत्य, पाण्याच्या टाक्या आणि पाइप फुटणं किंवा ओसंडणं. राजवाड्याचे वरचे मजले लाकडी होते आणि १९८४ साली ते जळाले, तेव्हा त्याची लाकडी प्रतिकृती करणाऱ्याला आगीबद्दल वेगळं सांगायला नको. पण इंदूरच्या फ्लॅटमध्ये मॉडेलांचं जास्त नुकसान पाण्याने होतं, आणि तिथे शब्दांना फार महत्त्व आहे.

नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. मोटर लावून कोणीतरी विसरतं, गच्चीवरची टाकी ओसंडते, पाणी शाफ्टमधून किंवा स्लॅबच्या भेगेतून माळ्यावर उतरतं. टाकीचं ओसंडणं पॉलिसीत आहे. तेच पाणी पावसाळाभर भिंतीतून थोडं थोडं झिरपून बासवुडच्या पट्ट्या वाकल्या, प्लायचे थर सुटले, तर ती ओल, म्हणजे हळूहळू झालेली हानी, आणि ती पॉलिसीत नाही. डाग मात्र दोन्हीत सारखाच दिसतो. म्हणून पाणी आल्याचं दिसताच तारीख-वेळेसह व्हिडिओ काढा: ओसंडणारी टाकी, वाहणारा पाइप, ओला माळा आणि मॉडेल, सगळं एका सलग चित्रणात. सोसायटीच्या अध्यक्षांकडून दोन ओळींचं पत्र घ्या. प्लंबरच्या बिलावर “व्हॉल्व्ह नादुरुस्त, टाकी ओसंडली” असं कारण लिहून घ्या, नुसतं “दुरुस्ती” नको.

वाळवी, उंदीर, ऊन लागून उडालेला रंग, सुटलेला गोंद, गंजलेले रूळ, नेहमीची झीज यांना पैसे मिळत नाहीत. वस्तू सापडेनाशी झाली आणि त्याचा एका ठरावीक घटनेशी संबंध दाखवता आला नाही, तरीही नाहीत. झाडताना कामवाल्या बाईंच्या हातून जहाज पडलं किंवा मांजर घाटावर चढलं, तर ते वर दिलेल्या कारणांत बसत नाही. यासाठी अपघाती नुकसानीचं अ‍ॅड-ऑन किंवा ‘ऑल रिस्क’ प्रकारची पॉलिसी लागते. तिथेही ठिसूळ वस्तूंच्या तडकण्या-ओरखडण्याचं अपवादाचं कलम बहुधा असतं. ते वाचल्याशिवाय पैसे भरू नका. कलम काढून टाकत नसतील तर शिडाच्या जहाजासाठी ते अ‍ॅड-ऑन निरुपयोगी आहे. त्यापेक्षा त्याच पैशांत कपाटाला चांगली काच आणि कुलूप बसवा.

चोरी हाही गैरसमजाचा विषय आहे. भारत गृह रक्षामध्ये चोरी येते ती फक्त आग, पूर अशा घटनेनंतरच्या ७ दिवसांत झालेली. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं आणि त्यात कुलूप-कडी तोडून शिरल्याच्या खुणा असाव्या लागतात. दार उघडं असताना पाहुण्यासारखं कोणी आत येऊन इंजिन खिशात घालून नेलं, तर बहुतेक ठिकाणी क्लेम बसत नाही. दिवाळीत गावी जाताना घर सलग किती दिवस बंद राहिलं तर कव्हर थांबतं, तो आकडाही पॉलिसीत बघून ठेवा.

घरफोडीच्या आणि जुन्या पद्धतीच्या पॅकेज पॉलिसींमध्ये ‘सरासरी’चं कलम असतं. माल २ लाखांचा आणि विमा १ लाखाचा असेल, तर ५० हजारांच्या चोरीला २५ हजार मिळतात. भारत गृह रक्षामध्ये ही कपात होत नाही. दोन्ही पॉलिसी एकत्र घेणाऱ्याने हा फरक लक्षात ठेवावा, नाहीतर प्रीमियम वाचवायला कमी दाखवलेली रक्कम ऐन वेळी आडवी येते.

आता प्रदर्शन. मॉडेल घराबाहेर पडलं की घरविमा संपला. विम्याच्या पत्त्यावरून दुसरीकडे हलवलेल्या वस्तूचं नुकसान तो भरत नाही. गणेशोत्सवात मंडळाच्या हॉलमध्ये मॉडेल ठेवायचं असेल, तर आधी आयोजकांना विचारा, प्रदर्शनाची पॉलिसी घेतली आहे का आणि तिच्यात बाहेरून आलेल्या वस्तू धरल्या आहेत का. “आपलीच माणसं आहेत, काही होत नाही” हे उत्तर हमखास मिळेल. तरी पावती घ्या: वस्तूंची यादी, प्रत्येकाची किंमत, देताना स्थिती कशी होती, रात्री हॉलची किल्ली कोणाकडे, परत कधी. खाली आयोजक आणि तुम्ही, दोघांच्या सह्या. अनंत चतुर्दशीला झांक्या (चित्ररथ) बघायला सगळं शहर रस्त्यावर असतं, त्या रात्री हॉलमध्ये कोण थांबणार तेही त्याच कागदावर लिहा.

वाहतुकीचा विमा म्हणजे ‘मरीन’ नावाच्या मालवाहतुकीच्या पॉलिसीचा देशांतर्गत भाग. तिच्यात अ, ब आणि क अशी तीन कलमं असतात. क मध्ये जवळपास फक्त आग आणि वीज. ब मध्ये त्याशिवाय गाडीची टक्कर, उलटणं, रुळावरून घसरणं, पूल कोसळणं. अ मध्ये अपवाद सोडून सगळं. मॉडेलला अ शिवाय अर्थ नाही, कारण ते टकरीने क्वचित आणि हादऱ्याने नेहमी मोडतं. पण अ मध्येही अपुऱ्या पॅकिंगचा अपवाद असतो. तेव्हा पॅकिंग हाच क्लेमचा पाया.

जहाजाचं पॅकिंग असं करा. तळफळीला खालून दोन स्क्रू घालून ते ९ मिमी प्लायच्या पाटावर घट्ट बसवा. शिडांना, दोऱ्यांना, डोलकाठ्यांना कशाचाही स्पर्श नको. फोमने आवळून बांधलेली डोलकाठी हमखास मोडते, कारण हादऱ्यात फोम दाबला जातो आणि तोच दाब काठीवर येतो. पाट आतल्या खोक्यात सरकवून चारही बाजूंनी पट्ट्यांनी अडकवा. आतल्या आणि बाहेरच्या खोक्यात सगळीकडे ५ सेंमी जागा सोडून तिथे २५ मिमी ईपीई फोमचे दोन थर द्या. थर्मोकोलचे मणी नकोत, प्रवासात ते एका बाजूला गोळा होतात. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. इंजिनं मांडणीवरून काढून वेगळी, प्रत्येक आपल्या पेटीत, आडवी. प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्या: उघडं मॉडेल, आतलं खोकं बंद करताना, बाहेरचं सील केल्यावर.

विम्याशिवाय ट्रान्सपोर्टवाल्याकडे दिलंत, तर किंमत जाहीर केल्याखेरीज त्याची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते. ८०० रुपये भाडं दिलं तर फार तर ८,०००. बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) जास्त किंमत जाहीर करा, तो जादा आकार मागेल, तो द्या. नुकसान झालं तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत त्याला लेखी नोटीस गेलीच पाहिजे, नाहीतर दावा बुडतो. पुण्याच्या गाडीत स्वतःजवळ ठेवून नेलेल्या सामानाला रेल्वे जबाबदार नसते, रेल्वेचा निष्काळजीपणा सिद्ध केल्याशिवाय. तरीही राजवाड्याएवढी वस्तू स्वतःच्या मांडीवर नेणं हाच सर्वांत सुरक्षित मार्ग. लोडिंग रिक्षाच्या मागे ठेवून हॉलपर्यंत नेण्यापेक्षा तर नक्कीच.

रिमोटच्या विमानांचं थोडक्यात. उडताना कोसळलेल्या विमानाला घरविमा नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतची नॅनो यंत्रं तृतीय पक्ष विम्यातून (दुसऱ्या कोणाचं नुकसान झालं तर त्यासाठीच्या विम्यातून) वगळली आहेत, त्यावरच्यांसाठी तो पाहावा लागतो. लिथियम पॉलिमर बॅटऱ्या मांडणीच्या खोलीत चार्ज करू नका. साठवताना सेलमागे ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा, मॉडेलांपासून दूर, धातूच्या डब्यात. मॉडेलं विकत असाल, तर विक्रीचा माल घरसामानात धरत नाहीत. त्यासाठी ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेच्या लहान व्यवसायांची ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आहे.

नुकसान झालं तर तुकडे उचलू नका. आधी फोटो, मग कंपनीला फोन आणि लगेच ईमेल. आगीत अग्निशमन दलाचा अहवाल, घरफोडीत एफआयआर. क्लेमचा फॉर्म नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांत भरा. सर्व्हेअर येईपर्यंत पुढचं नुकसान थांबवणं तुमचं कर्तव्य आहे. ओलं मॉडेल सावलीत पंख्याखाली ठेवा, पण चिकटवाचिकटवी करू नका. सर्व्हेअरसमोर आधीचे आणि आताचे फोटो शेजारी शेजारी ठेवा आणि मोडलेल्या भागांची यादी मापांसह द्या. तो बहुधा मॉडेलवाला माणूस नसतो. “दोरकाम तुटलं” म्हटलं तर तो शंभर रुपयांचा दोरा धरेल. कोणत्या डोलकाठीच्या किती दोऱ्या, किती गाठी, त्यासाठी आधी काय काय सोडवावं लागेल, हे कागदावर मांडलंत तर तो मजुरी धरू शकतो. दुरुस्ती स्वतः केली तर त्या मजुरीचं बिल नसतं, आणि बिल नसलेली मजुरी मिळवणं फार कठीण. त्यासाठी व्यावसायिकाचं दुरुस्तीचं कोटेशन आधी द्या.

पूर्ण नुकसान मान्य झालं की मोडका ऐवज कंपनीचा होतो. तो तुम्हाला हवा असतोच, चासी आणि पितळी भाग पुन्हा वापरता येतात. सर्व्हेअरला अहवाल लिहिण्याआधीच सांगा की अवशेष मी ठेवतो, त्याची किंमत वजा करा. ही किंमत वाटाघाटीने ठरते. जळालेल्या लाकडाला तो शून्य धरेल, तीन मोटरींना नाही.

क्लेम नाकारला तर कलमाच्या क्रमांकासह नकार लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मध्य प्रदेशासाठी ते कार्यालय भोपाळला आहे. अर्जाला फी नाही आणि वकील लागत नाही. अर्ज मात्र अंतिम नकारापासून वर्षाच्या आत गेला पाहिजे, आणि अर्जासोबत तो ईमेल जोडा ज्यात कंपनीने वस्तू मान्य किमतीवर घेतल्याचं कळवलं होतं.